कुमुद जिथे हसली

कोपरीतल्या आमच्या चाळीच्या ओट्यावर माझ्या बायकोची, कुमुदची तिरडी बांधत होते आणि मी हसलो. गालातल्या गालात नव्हे, चांगला खो खो हसलो. झालं असं, की तिचे थोरले भाऊ, डोंबिवलीचे दादा, सुतळी पायाकडून घ्यायला लागले, तर शेजारचे गुप्ते म्हणाले, "अहो, डोक्याकडून घ्या आधी." दादा म्हणाले, "पायाकडूनच घेतात. मला शिकवू नका." "घ्या मग, सुटली तर मला बोलू नका!" ... आणि मला हसू फुटलं. दादांच्या हातातली सुतळी खाली पडली. कुणीतरी म्हणालं, धक्का बसलाय, पाणी द्या त्यांना. दादांना तसं वाटलं नाही. दहाव्याला आले, तेराव्याला आले, माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. या माणसाचा माझ्या बहिणीवर जीवच नव्हता, असं ते गुप्त्यांना म्हणाले, आणि गुप्त्यांच्या पोटात काही राहील तर शपथ.

त्याला आता दीड महिना झाला. हे मी माफी मागायला लिहीत नाही. का हसलो ते सांगायला लिहितोय, आणि ते सांगायचं तर एका सिनेमाबद्दल सांगावं लागेल.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी ठाण्याला एका गिरणीत कारकून, एकटा जीव सदाशिव. रविवारी कल्याणला थेटरात जायचो. त्या दुपारी तिथे संतपट लागायचा होता, पण रिळांची पेटीच आली नाही, म्हणून मालकानं हाताला लागला तो सिनेमा लावला. टांगे करून, हार-फुलं घेऊन आलेल्या बायका! तिकिटं काढलेली, उठणार कशाला? त्यांची बसायची जागा वेगळी, मध्ये कापडाचा आडोसा. आणि समोर अभंगाऐवजी पिस्तूल. हॉटेलात गाणारी एक बाई, तिच्यावर जीव टाकणारा एक चोर, आणि तिचा गबर नवरा. नवऱ्याला दाढी करताना गोळी घालतात, साबणाचा फेस तसाच गालावर. मग ते प्रेत ट्रंकेत भरायचं, तर मावेना. ती म्हणते, आधी पाय दुमड. तो म्हणतो, आधी डोकं, मला शिकवू नकोस. ती म्हणते, तुला मेल्याला एक काम धड येत नाही. शेवटी तो ट्रंकेवर बसतो, ती त्याच्या मांडीवर बसते, तेव्हा कुठे कडी लागते... थेटर चिडीचूप. बायकांत 'राम राम' चाललेलं. मी एकटा हसलो. आणि आडोशापलीकडून दुसरं हसू आलं. आधी श्वास अडकल्यासारखा, मग जिन्यावरून तांब्या गडगडत यावा तसं. "अगं ए, लाज आहे का काही!" असं कुणीतरी दटावलं, तरी ते गडगडतच होतं. सुटल्यावर मी बाहेर रेंगाळलो, पण एवढ्या पदरांतून ते हसू शोधणार कसं?

पुढच्या वर्षी मुलगी बघायला डोंबिवलीला गेलो. वडील लवकर गेलेले, दादांनीच तिला वाढवलेली. दादा शाळामास्तर, घरात कडक शिस्त, भिंतीवरचं घड्याळसुद्धा दबकत वाजायचं. त्यांनी विचारलं, "आवड कशाची?" म्हटलं, "सिनेमाची." "कोणता आवडला?" शहाण्या माणसानं एखाद्या संतपटाचं नाव घेतलं असतं. मी बसलो ट्रंकेची गोष्ट सांगत! कुमुद पोह्यांच्या बश्या घेऊन उभी होती. 'आधी पाय'पर्यंत आलो आणि बश्या खडखड वाजायला लागल्या. मान खाली, पदर तोंडात, खांदे हलताहेत. दादा लगबगीनं उठले, "घाबरली हो पोर. पुरे करा." मी ट्रंकेची गोष्ट तिथेच सोडली. पण पदराआडचा तो अडकलेला श्वास मला ऐकू आला होता. दुसऱ्याच दिवशी मुलगी पसंत असल्याचा निरोप धाडला. माझी नोकरी कायम होती, म्हणून दादांनी मला पत्करलं असावं.

लग्नानंतर तो सिनेमा जिथे जिथे लागला तिथे आम्ही गेलो. कुमुद म्हणायची, "अहो, ते प्रेत कुठे भरतायत? ते संसार करतायत!" खरंच होतं ते. गावाला जाताना होल्डॉल बांधायला घेतला, की आमचं हुबेहूब तस्संच चालायचं. सिनेमाच्या शेवटी पोलिसांच्या गोळीनं चोर पडतो. शर्ट रक्तानं भिजलेला, आणि ती त्याचा मफलर सारखा करत रागावते, "थंडीत गळा उघडा टाकू नकोस, किती वेळा सांगितलं!" इथे कुमुद ढसाढसा रडायची. लोकांनी त्या सिनेमाला अचरट म्हटलं, वर्तमानपत्रांनी झोडपला. म्हणोत बापडे. खुनाला हसायला लावून मफलरला रडवणारा जो कोण होता, त्याला नवरा-बायको ही चीज कळली होती.

मग काविळीनं तिला गाठलं. इस्पितळात मी सुतकी चेहरा करून बसायचो. एका सकाळी म्हणाली, "तुमच्याकडे बघून मलाच माझी कीव येते हो." मग जवळ बोलावलं. "एक सांगू? मला बांधतील ना, तेव्हा दादा पायाकडूनच घेणार. तुम्ही मध्ये पडू नका. तुम्हाला साधा होल्डॉल बांधता येत नाही." आणि हसली. तांब्या दोन पायऱ्या गडगडला, मग तिला धाप लागली... त्यानंतर ती फारशी बोलली नाही.

म्हणून हसलो. बायका म्हणाल्या, अहेव गेली, भाग्याची. कसलं डोंबलाचं भाग्य! मला ती हवी आहे. रस्त्यात काही अचाट बघितलं, की अजून मी भराभर घरी येतो, कुलूप उघडेपर्यंत वाक्य तयार असतं, आणि मग ते कुणाला सांगायचं ते कळत नाही.

गेल्या रविवारी डोंबिवलीला गेलो. दादा दारातच उभे राहिले, या म्हणाले नाहीत. म्हटलं, "कल्याणला मॅटिनीला तो ट्रंकेचा सिनेमा लागलाय. कुमुदसाठी चला." दादा आत वळले आणि टोपी घालून बाहेर आले. हा माणूस जन्मात थेटराची पायरी चढला नव्हता. ट्रंकेचा प्रसंग आला तेव्हा दादा पडद्याकडे बघेनात, माझ्याकडेच बघत राहिले. मला हसू आलं नाही.

सुटल्यावर स्टेशनच्या रस्त्याला लागलो.

"कुमू इथे हसली होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मोठ्यानं?"

"सगळ्या थेटरात ऐकू गेलं."

दादा थांबले. मागे सायकलवाला घंटी मारत होता, तरी बाजूला होईनात.

"आमच्या घरात... मी कधी ऐकलंच नाही रे." इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच अरे म्हटलं. "कशी हसायची? करून दाखव ना."

मी तिथेच, भर रस्त्यात, तोंड उघडलं. आधी श्वास अडकतो, तेवढं जमलं. पुढचं काही केल्या येईना.