सुधाचा अंडरआर्म

हॉस्पिटलच्या कॉफीरूममध्ये किस्से न धुतलेल्या मगांसारखे साठतात. कुणी फेकत नाही, कुणी आवरत नाही. माझ्याकडचे बरेचसे सुधा पाटीलचे आहेत. नव्वदच्या आसपास साउथहॅम्प्टनजवळच्या एका हॉस्पिटलात आम्ही दोघंही भूल देणारे रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालचे डॉक्टर होतो. ती जळगावची, मी पुण्याचा.

*

आमचा रोटा, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, डॉ. हॉब्ज नावाचे आमचे वरिष्ठ कन्सल्टंट लावायचे. सुधाने सलग चार वर्षं दिवाळीची सुट्टी मागितली आणि चारही दिवाळ्या ऑन-कॉल काढल्या. पाचव्या वेळी हॉब्जनी तिचे जुने अर्जच टेबलावर मांडले.

"डॉक्टर पाटील, एकदा ऑक्टोबर, एकदा नोव्हेंबर! आधी तुमचा सण नक्की कधी असतो ते ठरवा!"

सुधाच्या सहा वर्षांच्या मुलीचा समज होता, की आई ड्युटीवर असते आणि बाबा टोस्ट जाळतात त्या दिवसाला दिवाळी म्हणतात. मला हॉब्जचा खरंच संताप आला. सुधाने अर्ज घडी घालून पर्समध्ये ठेवले.

*

त्या उन्हाळ्यात मार्क नावाचा अमेरिकन डॉक्टर वर्षभरासाठी आला आणि त्याने बेसबॉलची मॅच ठरवली. कन्सल्टंट विरुद्ध रजिस्ट्रार, अंपायर तो स्वतः. माणसं कमी पडली तिथे स्ट्रेचर ढकलणारे पोर्टर घेतले. हॉब्ज कॉलेजात क्रिकेटचे कॅप्टन होते. ते खुशीत म्हणाले, "जिंकेल त्या टीमने ऑक्टोबरपासूनचा हिवाळ्याचा रोटा लावायचा!"

सुधाने ते त्यांच्याकडून लिहून घेतलं.

*

आमच्याकडून बॅटिंगला पहिला मी. चेंडू झकास अडवला आणि क्रिकेटच्या सवयीने पलीकडच्या बॅट्समनला हात दाखवून ओरडलो, "नो!"

पलीकडे कुणीच नव्हतं.

"डॉक, यू हॅव टू रन," मार्क म्हणाला. तोवर मी आउट झालो होतो.

*

मग सुधा पिचिंगला आली. हात खालून गरकन फिरवून तिने चेंडू टाकला. अंडरआर्म! कन्सल्टंट मंडळी हसली. हॉब्जनी तक्रार केली. मार्कने नियमांचं पुस्तक चाळलं आणि म्हणाला, "नथिंग अगेन्स्ट इट."

ती युनिव्हर्सिटीकडून सॉफ्टबॉल खेळायची, ज्यात चेंडू असाच खालून टाकतात, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पहिले तिघं चेंडूला बॅट न लावता परत गेले. तिसऱ्याने तर मार्कला विचारलं, "टाकला का तिने?"

टाकला होता. कॅचर मी होतो, माझ्या तळहाताला विचारा!

*

शेवटची इनिंग. आम्ही एक-शून्यने पुढे. त्यांचे दोन आउट, तिसरा गेला की मॅच संपली, पण आमच्या ढिसाळ फील्डिंगमुळे एक गडी सेकंड बेसवर. बॅटिंगला हॉब्ज, आणि त्यांचेही दोन स्ट्राइक झालेले, म्हणजे आणखी एक चेंडू हुकला की आउट.

हॉब्जनी हात वर करून खेळ थांबवला आणि सुधाजवळ गेले. काय झालं ते बघायला मीही गेलो.

"डॉक्टर पाटील," ते हळूच म्हणाले, "मिसेस हॉब्ज बघतायत. एक चेंडू जरा हळू टाका. मग मॅच कुणीही जिंको, तुमच्या त्या सणाचा वीकएंड तुम्हाला दिला."

"थँक यू, सर," सुधा म्हणाली.

हॉब्ज जागेवर जाऊन उभे राहिले. पुढचा चेंडू मला दिसलाच नाही, ग्लोव्हमध्ये फाडकन आवाज आला तेव्हा कळलं. हॉब्जची बॅट अजून खांद्यावरच होती.

"स्ट्राइक थ्री!" मार्क ओरडला.

मी बोटं चोळत सुधाला म्हटलं, "अगं, तो सुट्टी देतच होता की!"

"हो ना," ती म्हणाली, "तो देत होता, म्हणूनच."