तीनशे बारा पावलं

हां, तर मावशी पाणीच पीत नव्हती! दिवसाला मोजून दोन पेले. एक सकाळी, एक जेवताना. दिवसभर मशीनवर बसून शाळेचे गणवेश शिवायचे, घशाला कोरड पडली की ओठांवरून जीभ फिरवायची, बस.

भूकंपानंतर मिळालेली ती पत्र्याची घरं, आणि संडास पार टोकाला. तिच्या दारापासून तीनशे बारा पावलं. शिंपीणबाई ती, तिचं माप कसं चुकेल? बरं, आत गेलं तरी कडी लावायची चोरी. मागाहून बसलेल्या भूकंपाच्या एका धक्क्यात दार चौकटीत अडकलं आणि शेजारची सून तासभर आत किंचाळत राहिली. तेव्हापासून बायकांनी रीतच पाडली: एकीने आत जायचं, दुसरीने बाहेर दार धरून उभं राहायचं. जोडीदारीण मिळेपर्यंत कळ काढायची. त्यापेक्षा पाणीच नको!

अशी चार वर्षं. शेवटी लघवीला आग, अंगात ताप, पाठीत कळा. दवाखान्याच्या तंबूतल्या नर्सबाई कडाडल्या, "मावशी, मूत्रपिंडं वाळवून खुंटीला टांगायचीत का? दहा पेले प्या!"

"पिते की. दार धरायला तुम्ही येता?"

नर्सबाईही खमक्या. त्यांनी वर लिहून लिहून पिच्छा पुरवला आणि दर रांगेला दोन संडास मंजूर करून घेतले.

मग काम सुरू होण्याआधी आले पाहणीवाले साहेब. "संडासाची काही अडचण?" आता परक्या पुरुषापुढे बाईमाणूस काय सांगणार? "झाली आता सवय," मावशी म्हणाली. अख्ख्या रांगेने तीच री ओढली. महिन्याभराने नर्सबाईंनी अहवाल वाचून दाखवला: 'रहिवाशांनी परिस्थितीशी उत्तम जुळवून घेतले आहे. नव्या संडासांची आवश्यकता नाही.'

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उत्तम? दुखणं अंगात मुरवलं, त्याला उत्तम म्हणतात? साहेबांची चीड आलीच, पण त्याहून जास्त आली स्वतःच्या जिभेची.

साहेब पुन्हा आले ते तोच कागद घेऊन, रांगेच्या सह्या घ्यायला. ऊन मी म्हणत होतं, पत्रा तव्यासारखा तापलेला. मावशीने तांब्या पुढे केला. एक पेला झाला, दुसरा झाला. "घ्या हो, लाजता काय!" म्हणत तिसराही झाला. मग तिला साहेबांच्या सदऱ्याचं लोंबतं बटण दिसलं. "थांबा, टाका घालून देते." जन्मात कधी लावलं नसेल इतक्या सावकाश तिने ते बटण लावलं. साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"मावशी, जरा... इथे जवळपास कुठे..."

मावशीने दोरा दाताने तोडला, कागद मशीनच्या खणात सारला आणि पदर खोचून उठली.

"चला साहेब, तीनशे बारा पावलं आहेत. कडी लावू नका, धक्का बसला तर दार अडकतं. दार मी धरते. आत बसल्या बसल्या ठरवा त्या कागदावर काय लिहायचं ते, आणि बाहेर आल्यावर माझ्यासमोर लिहा."