विडा मी का सोडला

माझ्या हृदयात गेली नऊ वर्षं कृत्रिम झडप आहे. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची, दर महिन्याला रक्त तपासायचं. यात मी कधी कुचराई केली नाही. दिवेआगरला सुपारीच्या वाडीवाल्यांच्या घरात नांदले, त्यामुळे जेवणानंतर घरच्या सुपारीचा विडाही तितक्याच नेमानं.

गेल्या वर्षी ठोके बेताल पडू लागले. मुलगा आणि मी मांडव्याहून बोटीनं मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी ठोके ताळ्यावर आणायची आणखी एक गोळी लिहून दिली. "आधीच्या आहेत तशाच चालू ठेवा," म्हणाले. ठोके खरंच शहाण्यासारखे वागू लागले. पण तिसऱ्या आठवड्यात दंडावर निळे डाग उठले, आणि चूळ टाकली की लाल.

मुलगा म्हणाला, "आई, पान खाणाऱ्याची चूळ लालच असणार ना. आणि डागांचं म्हणशील तर कुठेतरी आपटली असशील."

मला संताप आला. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी, आणि म्हातारी झाल्यावर मला स्वतःच्या तोंडातलं रक्त ओळखता येत नाही म्हणे. वाद घातला नाही. सबंध एक दिवस पानाला हात लावला नाही, दात घासून तोंड स्वच्छ केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बेसिनपाशी उभं केलं आणि त्याच्यादेखत चूळ टाकली. पांढऱ्या बेसिनमध्ये लाल धार उतरली.

"आता सांग, हे कुठल्या पानाचं?"

त्यानं गाडी काढली. तालुक्याला रक्त तपासलं. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा माझा आकडा एरवी अडीच-तीनच्या दरम्यान असायचा, तो सातच्या वर गेला होता. तिथला डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी. कागद बघून त्याचा चेहरा उतरला.

"बाई, ही नवी गोळी रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळीचा जोर वाढवते. सुरू केली तेव्हाच जुनी कमी करून दर आठवड्याला तपासायला हवं होतं. अजून उशीर झाला असता तर डोक्यातसुद्धा रक्तस्राव झाला असता."

त्यानं दोन दिवस दवाखान्यात ठेवलं आणि जुनी गोळी कमी करून दिली.

घरी येताना मी विडा कायमचा सोडल्याचं सांगितलं, तसा मुलाला धीर आला. पान तसंही वाईटच, या निमित्तानं सुटलं ते बरं झालं, असं सुरू झालं.

"वाईट म्हणून नाही सोडलं," मी त्याला तिथेच अडवलं. "या गोळ्या चालू आहेत तोवर माझ्या तोंडातून लाल आलं तर ते रक्तच असेल, आणि पानाचं आहे असं मला कोणी सांगायचं नाही. तूसुद्धा नाही."