सरकारी पैशानं पाहिलेला समुद्र

साहेबानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"हे पाय. तुमचीच पोट्टी आहे ना हे?"

माझीच नात होती. घोट्याएवढ्या पाण्यात उभी. डोळ्यावर काळा चष्मा, हातात आईस्क्रीम, तोंडभरून हसून राहिली. मागं समुद्र.

"काहो, शिकाले गेली का पोहाले?"

बाकावरचे सारे हसले. हसणं ओसरलं तसं साहेब म्हणाले, "आमच्या टॅक्सच्या पैशावर मजा मारून राहिली."

खरं सांगतो, मले ते पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. मी समुद्र पाहून राहिलो होतो. आमच्या घरातलं पहिलं माणूस समुद्रात उभं होतं. मी त्या पाण्यात होतो. मग ते बोलणं डोक्यात उतरलं. कान तापले.

अमरावतीत आमच्या कॉलनीत एक बाग आहे. सकाळी तिथं रिटायर लोक बसतात. साहेब मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले. मी मूळचा वलगावचा. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. जिंदगी वरूडले संत्र्याच्या पेट्या ठोकण्यात अन् ट्रक भरण्यात गेली. मुलगा शिकला, अकोल्याले नोकरीले लागला. त्यानं इथं दोन खोल्या बांधल्या. नात प्रज्ञा माझ्याजवळ राहून कॉलेज शिकली. आमच्या समाजाच्या पोरांसाठी सरकारची शिष्यवृत्ती असते परदेशात शिकाची, ते तिले भेटली. इंग्लंडले गेली.

तोवर त्या बाकावर मले कोणी बोलावलं नव्हतं. मी बाजूच्या ओट्यावर बसत जाओ. पेपरात तिचा फोटो आला त्या सकाळी साहेबच सरकले. "या, बसा बाबा." मी बसलो. फुगलो होतो, कबूल करतो. आपल्याले वाटलं, माणसात घेतलं.

त्या आठवड्यात तिले सोमवारची सुट्टी जोडून आली होती. मैत्रिणींसंग समुद्राकाठच्या एका शहरात गेली. शनिवारी तिनं फोनवरून सारं दाखवलं. "आबाजी, इथं वाळूच नाही. नुसते गोटे. आपल्या पेढी नदीसारखे." पाण्यात एका जुन्या पुलाचा जळका लोखंडी सांगाडा उभा होता, त्याच्यावर पाखरं. एका पाखरानं तिच्या डब्यातला आलूचा तुकडा नेला. ती ओरडली, मी इकडं घरात ओरडलो. किती दिवसानं असा हसलो.

रात्री तिनं फोटो नेटवर टाकले. अन् रविवारी सकाळी हे.

साहेब थांबले नाहीत. "तिले सांगा, फोटो काढून टाक म्हणा. अन् तुमी इथं, साऱ्यांसमोर माफी मांगा. नाही तर मी वर कळवतो. त्या खात्यात माझी माणसं बसली आहेत. शिष्यवृत्ती बंद व्हाले वेळ लागत नाही."

या साहेबाचा पोरगा अमेरिकेत असतो. त्याचे समुद्रावरचे फोटो याच बाकावर फिरले होते. सारे म्हणाले होते, वा, काय जागा आहे. मीही म्हणालो होतो.

मी म्हटलं, "साहेब, तुमी सारं घर घेऊन कन्याकुमारीले गेले होते. तिकीट सरकारनं देलं होतं. तुमीच सांगतलं इथं."

"तो माझा हक्क होता," साहेब म्हणाले. "नोकरी केली मी."

मले अजून बोलाचं होतं. पण हक्क हा शब्द ते असा बोलले की जसा त्यांच्या घरच्या कपाटातलाच आहे. मी उठलो. चप्पल पायात नीट जाईना.

घरी येऊन बसलो. साहेब खरंच असं करू शकतात का, मले माहीत नाही. कोणाले विचारू, तेही माहीत नाही. पेटी कशी ठोकाची ते मले समजते. ऑफिसात कोणाच्या एका फोननं काय होते, हे नाही समजत. तिले सांगावं का लपवावं? हातात फोन घ्याचो, ठेवाचो.

दुपारी तिचाच आला. ती समुद्रावर नव्हती. स्टेशनावर होती, पाठीवर पिशवी.

"आबाजी, मी परत निघाली. फोटो काढून टाकले."

"काहून?"

"लोकांनी फोटोखाली लिवलं. अमरावतीचेच लोक. सरकारी पैशावर ऐश म्हणे. कोणी तर कॉलेजातल्या माझ्या गाइडलेच कळवतो म्हणाला." मग आवाज बारीक करून म्हणे, "मी जेवण स्वतः बनवून नेलं होतं, आबाजी. आईस्क्रीम तेवढं घेतलं."

कोणाची चोरी केली म्हणून पोरगी आईस्क्रीमची सफाई देऊन राहिली? अन् मी इकडं. तिच्या डोक्यावर हात ठेवता येत नाही. मी म्हटलं, "जेवली का?" एवढंच सुचलं.

तिची आजी आठवली. ती जिथं गेली तिथं कामाले गेली. निंदाले, कापूस वेचाले, संत्रे छाटाले. पाहाले म्हणून कुठं गेली नाही. दरसाली नागपूरले दीक्षाभूमीवर जात जाओ, तेव्हा तिकीट खिशात असलं तरी डब्यातले लोक म्हणत, फुकटे आले. आमचं हिंडणं लोकांले नेहमीच फुकटाचं दिसते. आमी फक्त कामाले जातानी बरे दिसतो.

संध्याकाळी अकोल्यावरून मुलाचा फोन आला. त्याच्यापर्यंत गोष्ट पोचली होती.

"बाबा, तुमी काहून बोलले त्यांले?"

"मंग काय करू?"

"पाया पडा. माफी मांगा. मिटवून टाका. पोरीच्या वर्षाचा सवाल आहे."

"तिनं काय केलं?"

"काही नाही केलं. मले माहीत आहे. तरी मांगा."

तो रडून राहिला होता. मी फोन कानाले लावून बसलो. त्याच्यावर राग धरू का कीव करू, समजेना. पोरगी त्याची. भीती त्याची. अन् हा हट्टी बुढा मधात.

सोमवारी सकाळी बागेत गेलो. सारे होते. माझी जागा भरून बसले होते. साहेबानं पाहिलं, म्हणाले, "बोला."

मी उभाच होतो.

"माफी मांगाले नाही आलो," म्हटलं. "ती शिकाले गेली. सुट्टी होती, समुद्र पाहाले गेली. कन्याकुमारी तुमचा हक्क होता ना? हाही तिचा हक्क आहे. तुमाले कळवाचं तर कळवा."

"पोरीचं वाटोळं कराल, बुढेबाबा."

"वाटोळं झालं तर करणारे तुमी राहाल. मी नाही."

कोणी हसलं नाही. कोणी सरकलंही नाही. मी जाऊन माझ्या ओट्यावर बसलो, त्यांच्या समोर, उन्ह येईपर्यंत.

आजवर काही कळलं नाही. त्यांनी अर्ज केला का नुसती धमकी देली, कोण सांगीन? अनोळखी नंबर वाजला की छातीत धस्स होते. मुलगा मोजकंच बोलते. प्रज्ञानं फोटो परत टाकले नाहीत. पुढच्या सुट्टीत मैत्रिणी कुठंतरी फिराले गेल्या, ही खोलीतच राहिली. म्हणते, डिग्री होऊ द्या, आबाजी. मी तिले जाय म्हणत नाही. तिथं एकटी ती आहे, मी नाही.

पण माझं मी ठरवलं आहे. शिष्यवृत्ती थांबली तर ज्या ऑफिसातून थांबली त्याच्या पायरीवर जाऊन बसीन. हाकललं तर परत बसीन. माफीचा एक शब्द ना लिहून देईन, ना कोणाच्या पायाले हात लावीन. मुलानं म्हटलं तरी नाही. ती स्वतः रडून म्हणाली, तरीही नाही.