लोखंडी पेटीतला रेडिओ

वाडी नावाच्या वस्तीत ट्रकांच्या गोदामांमागे आम्ही भाड्याच्या खोलीत राहत होतो. यांनी हौसेनं ट्रान्झिस्टर आणला आणि थोड्याच दिवसांत शेजाऱ्यांचं घड्याळ चोरीला गेलं. हे स्वतः गोदामावर चौकीदार. चौकीदाराच्याच घरी चोरी झाली तर लोक हसतील, म्हणून यांनी लोहाराकडून जाड पत्र्याची पेटी करवून भिंतीत ठोकली. आवाज बाहेर यायला पेटीच्या दाराला बारीक छिद्रं, बटण फिरवायला बोटभर भोक. रेडिओ आत, दाराला कुलूप, चावी यांच्या खिशात.

तेव्हापासून रेडिओ नुसता खरखर करायचा. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तिथे खणखणीत वाजला. घरी आणून पेटीत ठेवला की पुन्हा खरखर.

"दुकानात वाजवून दाखवते अन् आपल्याले फसवते," हे म्हणाले.

अशात माझी धाकटी बहीण सांगून गेली की तिच्या भजनी मंडळाचं गाणं रेडिओ केंद्रावर भरून घेतलं आहे, आणि दुपारी बायकांच्या कार्यक्रमात लागणार आहे. "दुसरं कडवं मी एकटीनं म्हटलं, ताई. ऐकजो बरं."

त्या दिवशी सकाळी यांनी मुद्दाम नवे सेल आणले. रेडिओ खाटेवर ठेवूनच ते टाकले. रेडिओ असा स्वच्छ बोलला की मी कणीक मळता मळता थांबले. "झालं तुझं काम," म्हणत यांनी तो पेटीत ठेवला, कुलूप लावलं आणि गेले.

दुपारी मी बोटानं बटण फिरवलं. खरखर.

सेल तर नवे होते. दुकानात वाजला, खाटेवर वाजला, पेटीत मात्र वाजत नाही. म्हणजे खोड रेडिओची नव्हे, पेटीची. हे कळलं, पण कार्यक्रमाला फार वेळ उरला नव्हता आणि चावी गोदामावर होती.

मी कधी तिकडे गेले नव्हते. ट्रकवाले, हमाल, सगळे पुरुष. पण पदर डोक्यावर ओढला आणि निघाले. गोदामाच्या फाटकाशी पोहोचले आणि तिथेच थबकले. एका हमालानंच हाक दिली, "चौकीदार, पाहा गा, घरचं वारंट आलं."

हे धावत आले. "काहून आली वं? काय झालं?"

"पेटीची चावी द्या. पेटीच त्याले वाजू नाही देऊन राहिली."

हमाल हसला. "पेटी काय रेडिओचं तोंड दाबते, वहिनी?"

"तोंड नाही, कान दाबते," मी म्हणाले. परक्या माणसाला मी असं उत्तर कधी दिलं नव्हतं.

"एवढी छिद्रं ठेवली ना मी," हे म्हणाले.

"ते आवाज बाहेर यायले. पण बाहेरचं गाणं आत जाईन कसं त्या पत्र्यातून? खाटेवर कसा वाजला सकाळी?"

यांनी खिशातून चावी काढली. मग म्हणाले, "अन् उघडा पाहून कोणी उचलून नेला त?"

"माझ्या मांडीवरून कोण नेईन?"

चावी हातात पडली तशी मी निघाले. ट्रकांच्या मधून चक्क पळत आले. घाईत चावी दोनदा उलटी लागली. रेडिओ बाहेर काढून मांडीवर घेतला तेव्हा रेडिओवरची बाई मंडळाचं नाव सांगत होती. बाजाची पेटी वाजली, टाळ वाजले. दुसऱ्या कडव्याला माझी बहीण एकटी उभी राहिली, आवाज जरासा थरथरला, मग सरळ वर चढला. भरल्या डोळ्यांनी मी एकटीच मोठ्यानं म्हणाले, "हो वं, ऐकून राहिली."

संध्याकाळी हे आल्या आल्या रेडिओकडे गेले. "लाव बरं ते गाणं."

"ते एकदाच लागते."

यांचं तोंड उतरलं. मुद्दाम नवे सेल आणून यांनीच ऐकलं नव्हतं. मग मी चुलीकडे तोंड केलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा यांच्या देखत तेच गाणं म्हटलं, दुसऱ्या कडव्यासकट.

त्या पेटीत पुढे मी कांदे ठेवले. छिद्रांमुळे छान टिकले.