कूपरबाईचं पिंप

आमच्या यॉर्कशायरमध्ये आडनावाला कुणी जागत नाही. बेकर दुकानातून पाव आणतो, टेलरला शर्टाचं बटण लावता येत नाही, आणि आपले पूर्वज लाकडी पिंपं करायचे हे कूपर मंडळींना दुसऱ्यानं सांगावं लागतं. विनिफ्रेड कूपरला ते लहानपणापासून झोंबायचं. तिचा बाप खाटीक, आजाही खाटीक.

सत्तेचाळिसाव्या वर्षी ती पोस्टातली नोकरी सोडून आमच्या बिअरच्या कारखान्यात, पिंपांच्या खात्यात उमेदवारी करायला आली. मी तिथला जुना कारागीर. पहिला टोमणा मीच मारला, “नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!”

“वाळा चार वर्षांनी बघ, डेरेक,” ती म्हणाली. “आधी झाडू कुठाय ते सांग.”

चार वर्षं तिनं ओकच्या फळ्या तासल्या, वाफेवर वाकवल्या, पिंपांभोवती लोखंडी कडी ठोकली. तिला रडताना कुणी पाहिलं नाही. दोन-चार नव्या शिव्या मात्र आम्हीच तिच्याकडून शिकलो.

मग तिनं एकटीनं केलेलं मोठं पिंप परीक्षेला आलं. आमच्या म्हाताऱ्या उस्तादानं, ऑल्डरसननं, आत उकळतं पाणी ओतलं, बूच ठोकलं, पिंप अंगणात लोळवलं. थेंब गळला नाही. आमच्यात पास झालेल्या उमेदवाराला त्याच्याच पिंपात बसवतात, डोक्यावर काजळी, भुसा आणि शिळी बिअर ओततात आणि अंगणभर गडगडवतात. त्याशिवाय त्याला कारागीर म्हणत नाहीत.

म्हाताऱ्यानं मात्र नुसता हात पुढे केला. “शाब्बास, बाई. बाकीचं राहू दे. या वयात हाडंबिडं मोडायची.”

आम्हीही माना डोलावल्या. वाटलं, बाईमाणसाचा केवढा मान राखला! आज त्याची लाज वाटते.

विनिफ्रेडनं तो हात घेतला नाही. “हात पाहुण्यांशी मिळवतात, ऑल्डरसन. चार वर्षं मी काय पाहुणी होते? या डेरेकला लोळवलंत ना? तोही दुसऱ्या खेपेला पास झालेला!”

सगळे हसले. ती हसली नाही. तिनं पाणी ओतून दिलं, वरचं झाकण स्वतःच उचकटलं, चष्मा माझ्या हातात दिला आणि पिंपात उतरून बसली. कुणी हलेना. ती आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

म्हाताऱ्यानं काजळीची बादली उचलली, तिच्या डोक्यावर पालथी केली आणि ओरडला, “कारागीर कूपर! डोकं आत घे!”

पहिला धक्का मी दिला, चांगला जोरात.