दोन बोटं माया

आक्कांना टेपची गरज नव्हती. बाई दुकानाच्या तीन पायऱ्या चढून वर येईपर्यंत त्यांचं माप घेऊन झालेलं असायचं. "छत्तीस. डावा खांदा उतरलाय. पिशवी त्याच हातात धरतीस न्हवं?" टेप गळ्यात असे, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. आकडा बहुतेक वेळा तोच निघे.

दुकान बेळगावात, उद्यमबागेच्या वाटेवर होतं. वरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होते. एका दैनिकात नवीन लागले होते. आक्कांचे यजमान आप्पा फाउंड्रीतून निवृत्त झाले होते आणि दिवसभर दुकानाच्या कट्ट्यावर बसून ब्लाउजांना हुक लावत, काजी करत.

आक्कांचा दुसरा लौकिक मायेचा. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. बाकीचे बोटभर ठेवत, आक्का दोन बोटं. "बाईचं अंग एका मापावर ऱ्हात न्हाय," त्या म्हणत. "आत माया असली की उसवून वाढवता येतंय."

एक्कावन्नाव्या वर्षी त्यांच्या डाव्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली. स्तन काढला. मग केमो, मग रेडिएशन. दुकान पुन्हा उघडलं तेव्हा ब्लाउजच्या डाव्या बाजूला सुती कापडाची घडी होती. ती सरके. आक्का भिंतीकडे तोंड करून ती नीट करत आणि पुन्हा मशीनवर बसत. मापं पूर्वीइतकीच अचूक होती. फक्त दुकानातल्या उभ्या आरशावर आता साडी टाकलेली असे. गिऱ्हाईक आलं की साडी उचलायची आणि स्वतः बाजूला व्हायचं.

दीड वर्षानं डॉक्टरांनी सांगितलं, स्तन पुन्हा घडवता येतो. जाऊबाई म्हणाल्या, "या वयात कशाला गं? कोण बघतंय?"

"मी बघती की!" आक्का म्हणाल्या.

त्या मला सोबत घेऊन गेल्या. "बातमी लिहून घेतीस तसं सगळं लिहून घे. घाईत मला काय ध्यानात ऱ्हात न्हाय."

सर्जन बाई कानडी होत्या, मराठी पुस्तकी बोलत. वहीत मी चार नोंदी केल्या. काहीच न करणं हाही एक पर्याय. ब्लाउजच्या आत तयार पॅड वापरता येतो. दुसरा पर्याय सिलिकॉनचा. ऑपरेशन लहान, पण रेडिएशन झालेल्या त्वचेखाली ते बिघडण्याचा धोका जास्त. "जळकी इस्त्री लागलेलं कापड," आक्का म्हणाल्या. "आतनं ताण दिला की फाटणार." तिसरा, पाठीचा स्नायू आणि त्वचा पुढे आणणं. "पाठ नको. माझी कात्री पाठीतनं चालतीया." चौथा, ओटीपोटाची त्वचा आणि चरबी छातीवर बसवून बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडणं. ऑपरेशन सर्वांत मोठं, जखमा दोन.

आक्कांनी साडीवरूनच पोट चिमटीत धरलं. "दोन बाळंतपणांची माया हाय इथं. पुरंल?"

डॉक्टरांचा आवाज हळवा झाला. "आईची माया तर अपार असते."

"तसली न्हवं ओ डॉक्टर! शिवणीतली!"

मी अर्थ सांगितला. डॉक्टर हसल्या आणि त्यांनीही चिमटीत धरून पाहिलं. पुरेल, म्हणाल्या. मग धोका सांगितला. जोडलेल्या रक्तवाहिनीत गुठळी झाली तर पुन्हा ऑपरेशन. तरीही रक्त पोचलं नाही तर बसवलेलं सगळं काढावं लागेल, आणि पोटाची त्वचा दुसऱ्यांदा मिळणार नाही.

"म्हंजे कापड एकदाच बेतायचं," आक्का म्हणाल्या. "बेता मग. पर नीट बेता."

ऑपरेशनला अख्खा दिवस लागला. त्यानंतर नर्स तासातासाला नव्या स्तनाचा रंग पाही, हात लावून ऊब पाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो भाग निळसर दिसला आणि आक्कांना पुन्हा आत नेलं. आप्पा बाकावर बसून होते. "ओतकाम असतं तर बघून सांगितलं असतं, बसलंय का न्हाय," एवढंच ते बोलले. दोन तासांनी डॉक्टर बाहेर आल्या आणि आप्पांना म्हणाल्या, "शिवण उसवून पुन्हा घातली. आता रक्त वाहतंय."

पोटाच्या टाक्यांमुळे आक्का सुरुवातीला वाकून चालत. अंगातून नळ्या निघालेल्या, त्यांच्या टोकाला द्रव साठवणाऱ्या बाटल्या. त्या हातात धराव्या लागत. पाचव्या दिवशी त्यांनी आप्पांकडून सुती कापड मागवलं आणि पलंगावर बसून, हातानं, पुढून उघडणारा झगा शिवला. आत बाटल्यांसाठी दोन खिसे होते. शेजारच्या पलंगावरच्या बाईनं तसाच मागितला. "तुझं माप बत्तीस," आक्का म्हणाल्या. ती बाई अजून पांघरूण घेऊन झोपलेलीच होती. पुढे त्या वॉर्डातल्या बायका त्याला आक्काचा झगा म्हणू लागल्या.

दीड महिना वजन उचलणं बंद, मशीनचं पेडलही बंद. नव्या स्तनाला स्पर्श नीट कळत नव्हता, आणि पूर्ण कळेलच असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. "जाड अस्तरावरनं हात फिरवल्यागत लागतंय," त्या म्हणायच्या. "पर घडी न्हाय. सरकत न्हाय."

दुकान उघडलं त्या सकाळी त्यांनी आरशावरची साडी ओढून काढली आणि गळ्यातला टेप माझ्या हातात दिला. दोन वर्षांत त्यांनी स्वतःचं माप घेतलं नव्हतं. मी दोन्ही बाजू मोजल्या.

"डावीकडे अर्धा इंच कमी आहे, आक्का."

त्या आरशात बघत राहिल्या. समोरून, मग दोन्ही अंगांनी.

"अर्धाच न्हवं?" त्या म्हणाल्या. "मायेत बसतंय." आणि कट्ट्यावरच्या आप्पांना ओरडून सांगितलं, "अवो, नवीन ब्लाउजपीस काढा माझ्यासाठी. जरीकाठाचं!"

पुढं माझी बदली झाली. निघताना आक्कांनी एक ब्लाउज हातावर ठेवला. माप घेतलं नव्हतं. अंगात नेमका बसला. मध्यंतरी मी थोडी जाड झाले, तेव्हा बाजूची शिवण उसवली. दोन बोटांतलं एक बोट वापरलं. एक अजून आत आहे.